बोल्ट अर्धाच का दिसतो?

गिअरबॉक्सच्या असेंब्ली ड्रॉइंगचा प्रिंट शॉपमध्ये पोचतो. झाकण खालच्या कास्टिंगवर चार एम१० बोल्टांनी आवळलेलं आहे आणि सेक्शन नेमका एका बोल्टच्या मधोमध घेतलेला आहे. बोल्टचं डोकं दिसतं, वॉशर दिसतो, झाकणाच्या भोकातून खाली उतरणारा दांडाही दिसतो. पण दांडा कास्टिंगपाशी पोचला की त्याच्या रेषा संपतात. खाली नुसतं हॅचिंग. फिटर प्रिंट घेऊन डिझाइनवाल्याकडे येतो आणि विचारतो, "साहेब, हा बोल्ट वरच्या वर चिकटवायचाय का?"

डिझाइनवाला मॉडेल उघडून दाखवतो. तिथे बोल्ट पूर्ण लांबीचा, जागच्या जागी बसलेला. त्याच मॉडेलवरून त्याच सॉफ्टवेअरने काढलेल्या ड्रॉइंगमध्ये मात्र तो निम्मा गायब. मग ऑफिसात निदानं सुरू होतात. कुणी ग्राफिक्स कार्डाला दोष देतं, कुणी म्हणतं सॉफ्टवेअरच गंडलंय, कुणी फाइल बंद करून पुन्हा उघडायला सांगतं. सहसा यातलं काहीच खरं नसतं. आपण सॉफ्टवेअरला असा प्रश्न विचारलेला असतो की ज्याला प्रत्यक्षात उत्तरच नाही: एकाच जागी एकाच वेळी दोन धातू असले, तर पुढे कोण दिसेल?

दोन धातू एकाच जागी येतातच कसे? एम१० बोल्टचा बाहेरचा व्यास १० मिलिमीटर. त्याच्या नेहमीच्या आट्यांचं पिच १.५ मिलिमीटर, आणि ते आटे पाडण्याआधी कास्टिंगमध्ये ८.५ चं ड्रिल मारतात. खऱ्या बोल्टचे आटे खऱ्या भोकाच्या आट्यांत गुंततात, त्यामुळे तिथे भांडण नसतं. पण कॅडमध्ये प्रत्येक बोल्टचा प्रत्येक आटा कोरत बसलं तर शंभर-दोनशे बोल्टांची असेंब्ली उघडेपर्यंत चहा पिऊन होईल. म्हणून बोल्टचा दांडा म्हणजे १० मिलिमीटरचा गुळगुळीत दंडगोल, भोक ८.५ मिलिमीटरचं गुळगुळीत, आणि आटे असल्याची नुसती खूण, अशी तडजोड सगळीकडे चालते. हिचा परिणाम असा की बोल्टभोवती पाऊण मिलिमीटर जाडीची एक नळी तयार होते, जी बोल्टचीही असते आणि कास्टिंगचीही. दोन पार्टांनी एकाच जागेवर असा हक्क सांगणं म्हणजे इंटरफिअरन्स.

स्क्रीनवर दिसतं, मग कागदावर का नाही?

स्क्रीनवर मॉडेल रंगवताना ग्राफिक्स कार्ड अगदी साधा हिशेब करतं. स्क्रीनच्या प्रत्येक ठिपक्यासाठी ते बघतं की इथे जे जे पृष्ठभाग येतात त्यांतला डोळ्याला सर्वांत जवळचा कोणता, आणि त्याचा रंग तिथे भरतं. ठिपक्यागणिक अंतर नोंदवायच्या या वहीला झेड-बफर म्हणतात. ही कल्पना १९७४ मध्ये दोघांनी स्वतंत्रपणे मांडली: जर्मनीत वोल्फगांग श्ट्रासर यांनी आणि अमेरिकेत एडविन कॅटमल यांनी. हेच कॅटमल पुढे पिक्सारचे सहसंस्थापक झाले. झेड-बफरला कुठला पार्ट कुणाचा याच्याशी देणंघेणं नसतं. दोन पार्ट एकमेकांत कितीही घुसलेले असोत, त्या ठिपक्यावर जो जवळ तो जिंकला, विषय संपला. म्हणून स्क्रीनवर बोल्ट बिनतक्रार दिसतो.

ड्रॉइंग ठिपक्यांचं बनलेलं नसतं, रेषांचं असतं. त्यातली रेषा मॉडेलमधल्या कडेला बांधलेली असते. म्हणून तर तिच्यावर डायमेन्शन टाकता येतं, स्केल बदललं तरी ती फाटत नाही, आणि मॉडेल बदललं की ती आपोआप सरकते. ही रेषा काढायची तर प्रत्येक कडेबद्दल ठरवावं लागतं की ती नेमकी कुठून कुठपर्यंत उघडी आहे आणि कुठून पुढे दुसऱ्या कशाच्या तरी आड जाते. आड गेलेला भाग तुटक रेषेने दाखवायचा किंवा पुसून टाकायचा. हा प्रश्न संगणकाने सोडवायची अगदी सुरुवातीची एक पद्धत लॅरी रॉबर्ट्स यांनी १९६३ च्या आपल्या एमआयटीतल्या प्रबंधात दिली. पुढे आर्पानेट उभारण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते हेच रॉबर्ट्स. आपला बोल्ट जिथे फसतो ती जागा मात्र त्यानंतर चार वर्षांनी आलेल्या एका कल्पनेतून जास्त स्वच्छ दिसते.

ताडपत्रीखालची मुंगी

१९६७ मध्ये आयबीएमच्या आर्थर अपेल यांनी रेषेच्या दिसण्या-लपण्याला एक आकडा दिला. आठवडे बाजारात दुकानांवर ताडपत्र्या ताणलेल्या असतात, कुठे एक, कुठे एकावर एक दोन-तीन. त्यांच्याखालून एक दोरी बांधलेली आहे आणि दोरीवरून मुंगी चालली आहे. तुम्ही शेजारच्या गच्चीवरून सरळ खाली बघताय. मुंगी तुम्हाला दिसते का? तिच्या डोक्यावर किती ताडपत्र्या आहेत ते मोजा. शून्य असतील तर दिसते. एक असो वा तीन, दिसत नाही.

अपेल यांची हुशारी यापुढची आहे. पावलापावलाला मोजायची गरज नाही. सुरुवातीला एकदा मोजायचं. त्यानंतर मुंगी एखाद्या ताडपत्रीच्या काठाखालून आत शिरली की एक मिळवायचा, काठाखालून बाहेर पडली की एक वजा करायचा. दोन काठांच्या मधल्या पट्ट्यात आकडा बदलूच शकत नाही. कडा म्हणजे दोरी आणि पार्टांचे पृष्ठभाग म्हणजे ताडपत्र्या असं धरलं, तर हजारो ठिकाणी करायची तपासणी मोजक्या काठांपुरती उरते. तेव्हाच्या यंत्रांना ही काटकसर जीवनावश्यक होती. आजच्या कॅडमधले हिशेब यापेक्षा खूप गुंतागुंतीचे आहेत, कंपनीगणिक वेगळे आहेत, पण वेळ वाचवण्याची रीत याच वळणाची.

आता समजा दोरी तिरपी आहे आणि एका ताडपत्रीला भोक पाडून वरून खाली गेली आहे. मुंगी आधी ताडपत्रीच्या वर होती, आता खाली आहे. आकडा शून्याचा एक व्हायला हवा होता, पण काठ कुठेच लागला नाही, त्यामुळे तो कुणी बदललाच नाही. इथून पुढे संपूर्ण दोरीभर हिशेब एकाने चुकतो. चूक एका दिशेने झाली तर लपायला हवी ती रेषा ठळक उमटते. उलट दिशेने झाली तर दिसायला हवी ती रेषा नाहीशी होते. एकात एक घुसलेल्या पार्टांत नेमकं हेच होतं. एका पार्टची कड दुसऱ्याच्या पृष्ठभागातून आरपार जाते आणि ही बातमी हिशेबापर्यंत पोचत नाही.

उपाय उघड आहे: प्रत्येक कड कुठल्या पृष्ठभागाला भोसकते का, हेही तपासायचं. अडचण खर्चाची. मध्यम आकाराच्या असेंब्लीत १०,००० कडा आणि ५,००० पृष्ठभाग असले तर जोड्या होतात ५ कोटी. त्यांतल्या बहुतेक एकमेकांपासून लांब असल्यामुळे झटकन बाद होतात, तरी उरलेल्यांचं गणित भारी पडतं. म्हणून काही पॅकेजेस दुसऱ्या पार्टच्या पोटात गेलेल्या कडा सरळ सोडून देतात आणि "दाखवा" असं वापरणाऱ्याने सांगितलं तरच त्यांच्या मागे लागतात.

कुणाच्याच मालकीची नसलेली रेषा

गायब रेषांचे दोन प्रकार असतात आणि ते ओळखता न आल्याने खूप वेळ वाया जातो.

पहिला प्रकार वर आलाच. कड मॉडेलमध्ये आहे, पण दिसण्या-लपण्याच्या हिशेबात गळाली. बोल्टच्या टोकाचं वर्तुळ हे त्याचं सरळ उदाहरण.

दुसऱ्या प्रकारात कड मुळात अस्तित्वातच नसते. कॅडमध्ये घन वस्तू साठवली जाते ती तिच्या पृष्ठभागांची, त्यांना जोडणाऱ्या कडांची आणि कडा जिथे मिळतात त्या बिंदूंची यादी म्हणून. प्रत्येक पार्टची यादी स्वतंत्र. एका नळीवर दुसरी नळी आडवी आणून टेकवली आणि टोक नीट न कापता ते पहिलीच्या भिंतीत थोडं घुसू दिलं, तर दोन्ही नळ्या जिथे भेटतात तिथे आपल्याला घोड्याच्या खोगिरासारखी वळलेली रेषा दिसायला हवी. पण ती पहिल्या नळीच्या यादीत नाही आणि दुसरीच्याही नाही. सॉफ्टवेअरने कितीही प्रामाणिकपणे याद्या तपासल्या तरी ती सापडणार नाही. ती दोन पृष्ठभागांच्या छेदातून नव्याने काढावी लागते. फॅब्रिकेशनच्या ड्रॉइंगमध्ये, जिथे पाइप आणि सेक्शन असेच एकमेकांत खुपसून वेल्डिंगचं मॉडेल उरकलेलं असतं, तिथे गायब रेषा बहुधा या दुसऱ्या जातीची निघते.

घुसलेले नाहीत, नुसते चिकटलेले

प्रेस फिटचं उदाहरण घ्या. ५० मिलिमीटरचा शाफ्ट आणि ५० मिलिमीटरचं भोक, फिट एच७/पी६, म्हणजे प्रेसवर दाबून बसवायचा. या मापाला भोक ५०.००० ते ५०.०२५ पर्यंत चालतं आणि शाफ्ट ५०.०२६ ते ५०.०४२ पर्यंत. म्हणजे शाफ्ट भोकापेक्षा कमीत कमी एक मायक्रॉनने आणि जास्तीत जास्त ४२ मायक्रॉनने मोठाच. कुणी मॉडेल या टॉलरन्सच्या मध्यावर बनवलं तर दोन पार्ट केसापेक्षाही कमी जाडीने एकमेकांत घुसतात. छापील रेषा असते ०.३५ किंवा ०.५ मिलिमीटर जाड, त्यामुळे डोळ्याला हा फरक दिसणं शक्य नाही. हिशेबाला मात्र तो पूर्ण दिसतो.

बहुतेक ऑफिसांत दोन्ही पार्ट नुसते ५० चे काढतात आणि टॉलरन्स लिहून देतात. माझ्या मते हेच बरोबर. पण त्यातही एक गोम आहे. आता दोन पृष्ठभाग तंतोतंत एकाच जागी आले. पुढे कोणता? एनएक्स, सॉलिड एज आणि सॉलिडवर्क्स ही तिन्ही पॅकेजेस ज्या पॅरासॉलिड नावाच्या भूमितीच्या इंजिनावर चालतात, ते एक मायक्रॉनच्या शंभराव्या भागापर्यंतचं अंतर वेगळं ओळखतं. त्याच्या आतलं सगळं त्याच्या लेखी एकच. मग उत्तर कधी या बाजूला झुकतं, कधी त्या. अर्धं वर्तुळ उमटतं आणि अर्धं नाही, असा विचित्र प्रकार दिसला तर घुसण्यापेक्षा चिकटण्याचा संशय आधी घ्यावा.

आपल्या सुरुवातीच्या बोल्टमध्ये हे दोन्ही रोग एकत्र आहेत. सेक्शन बोल्टच्या मधोमध घेतला आणि प्रथेप्रमाणे बोल्ट न कापता अख्खा ठेवला, की दांड्याच्या डाव्या-उजव्या सीमारेषा बरोबर कापाच्या पातळीतच येतात. आणि त्या पातळीत, भोकाच्या काठापासून पाऊण मिलिमीटर आत, कास्टिंगचा कापलेला पृष्ठभाग पसरलेला आहे. रेषा त्याच्या पुढेही नाही, मागेही नाही.

हाताने ड्रॉइंग काढणाऱ्यांना हा प्रश्न कधी पडला नाही, कारण त्यांच्यासाठी नियम आधीच ठरलेला होता. आट्यांचं रेखाटन कसं करायचं हे सांगणारं आयएसओ ६४१० हे मानक स्पष्टच म्हणतं की बाहेरून आटे असलेला पार्ट नेहमी आतून आटे असलेल्या पार्टच्या वर दाखवायचा. बोल्ट जिंकतो, भोक हरतं. आयटीआयच्या ड्राफ्ट्समनला हे पहिल्या काही महिन्यांतच पाठ होतं. संगणकाला मात्र कोणता दंडगोल बोल्ट आहे आणि कोणता नुसता दांडा, हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

चौकट: खटका कुठे असतो?

इन्व्हेंटरमध्ये ड्रॉइंग व्ह्यूवर डबल क्लिक केलं की डिस्प्ले ऑप्शन्समध्ये 'इंटरफिअरन्स एजेस' अशी खूण करायची जागा आहे. प्रेस फिट आणि टॅप केलेल्या भोकांतले बोल्ट यांमुळे गळालेल्या कडा तिने परत येतात. एनएक्समध्ये व्ह्यूच्या सेटिंगमध्ये हिडन लाइन्सखाली 'इंटरफिअरिंग सॉलिड्स' सापडतं. तिथे नुसता हिशेब दुरुस्त करायचा की छेदाच्या नव्या रेषाही काढायच्या, असे वेगवेगळे पर्याय मिळतात. वर सांगितलेले गायब रेषांचे दोन प्रकार इथे वेगळे हाताळता येतात. सॉलिडवर्क्समध्ये आधी व्ह्यू ड्राफ्ट क्वालिटीत राहिला नाही ना ते बघून तो हाय क्वालिटीत आणावा. ऑटोकॅडमध्ये 'इंटरसेक्शनडिस्प्ले' या नावाचं व्हेरिएबल छेदरेषा दाखवण्याचं काम करतं.

खटका दाबण्याआधी

खटका दाबला, रेषा आल्या, काम झालं, ही घाई मात्र महागात पडू शकते. गायब रेषा ही घुसण्याची खूण आहे, आणि सगळंच घुसणं निरुपद्रवी नसतं. म्हणून आधी असेंब्लीवर इंटरफिअरन्स तपासणी चालवावी. जवळपास प्रत्येक कॅडमध्ये ती असते आणि कोणते दोन पार्ट किती आकारमानाने एकमेकांत आहेत याची यादी देते. पहिल्यांदा यादी बघून छाती दडपते, कारण प्रत्येक बोल्ट तिच्यात असतो. सॉलिडवर्क्समध्ये फास्टनर वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायची सोय आहे, जुळणाऱ्या आट्यांच्या जोड्याही बाजूला काढता येतात. तो गठ्ठा हलवला की जे मोजकं उरतं ते खरं वाचायचं. त्यात एखादा ब्रॅकेट हायड्रॉलिक पाइपमधून आरपार गेलेला सापडला, तर तिथली हरवलेली रेषा परत आणायची नसते, ब्रॅकेट सरकवायचा असतो.

रबराचे पार्ट हा मधला प्रकार. ३.५३ मिलिमीटर जाडीचा ओ-रिंग साधारण २.८ मिलिमीटर खोलीच्या खाचेत बसवतात, कारण दाबला गेल्याशिवाय तो गळती अडवणार नाही. लायब्ररीतून आणलेला ओ-रिंग मात्र मोकळ्या अवस्थेतला, पूर्ण गोल असतो. तो झाकणात घुसलेला दिसणारच. खटक्याने रेषा येतील, पण चित्र खोटं राहील. इथे ओ-रिंगचं दाबलेल्या अवस्थेतलं दुसरं रूप बनवून असेंब्लीत ते वापरावं. रबर दाबलं तरी त्याचं आकारमान जवळपास तेवढंच राहतं, त्यामुळे २.८ पर्यंत चेपलेला छेद आडवा पसरून साधारण ४.४५ मिलिमीटर रुंद होतो. हा आकडा काढला की खाच पुरेशी रुंद ठेवली आहे की नाही तेही तिथल्या तिथे कळतं. स्प्रिंगचंही असंच: पार्ट ड्रॉइंगमध्ये मोकळी लांबी, असेंब्लीत बसल्यावरची लांबी.

आट्यांच्या बाबतीत काही जण कास्टिंगमधलं भोकच १० मिलिमीटरचं करून टाकतात. घुसणं संपतं, असेंब्लीचा व्ह्यू सुंदर दिसतो. पण होल टेबलमध्ये १० उमटतं, आणि मशिनवरचा माणूस त्याबरहुकूम ड्रिल मारून मोकळा होतो. एम१० चे आटे पाडायला मग तिथे धातूच शिल्लक नसतो. भोक ८.५ चंच ठेवून व्ह्यूमध्ये इंटरफिअरन्सच्या कडा चालू करणं हा त्यावरचा सुरक्षित मार्ग. असेंब्लीच्या पातळीवर बोल्टचा आकार कास्टिंगमधून वजा करायचा पर्यायही असतो, मात्र हा काप असेंब्लीपुरताच राहील आणि पार्टच्या फाइलमध्ये उतरणार नाही याची खात्री करूनच.

वेळेचा हिशेबही बघावा लागतो. मोठ्या मशिनच्या पूर्ण व्ह्यूवर हा खटका लावला तर प्रत्येक अपडेटला थांबावं लागतं, आणि त्या स्केलला आतल्या रेषा तशाही काळ्या गिचमिडीखेरीज काही देत नाहीत. ज्या सेक्शन आणि डिटेल व्ह्यूवर फिटर प्रत्यक्ष बोट ठेवणार आहे, तेवढ्यांवर पुरे.

हाताने ओढलेल्या रेषा

संध्याकाळी सहाला ड्रॉइंग रिलीज करायचं असतं आणि खटका लावूनही एक कड येत नाही. अशा वेळी व्ह्यूवर स्केचमध्ये सरळ एक रेषा ओढली जाते. प्रिंटवर ती खऱ्या रेषेपासून ओळखूच येत नाही, आणि धोका तिथेच आहे. चार महिन्यांनी बोल्ट एम१२ होतो, मॉडेलच्या सगळ्या रेषा बाहेर सरकतात, ही एक १० च्या जागीच बसून राहते. चेकरला दोन समांतर रेषा दिसतात आणि त्यातली खरी कोणती ते प्रिंटवरून सांगता येत नाही.

दुसरा इलाजच नसेल तर निदान ती रेषा मोकळी सोडू नये. मॉडेलची जवळची एखादी कड स्केचमध्ये प्रोजेक्ट करून घ्यावी आणि ओढलेली रेषा तिला कन्स्ट्रेन्टने बांधावी, म्हणजे भोक सरकलं तर तीही सरकेल. बोल्टचा व्यास बदलला तर मात्र तिचं माप हातानेच बदलावं लागेल, म्हणून अशा रेषा वेगळ्या लेयरवर ठेवाव्यात. रिव्हिजनच्या वेळी तो एक लेयर चालू-बंद केला की हाताने काढलेलं सगळं एका नजरेत दिसतं.